दालचिनी : नाव एक, साली अनेक

मार्च-एप्रिलची उन्हे तापू लागली की पुण्यात मसाल्याच्या बाजारात गर्दी वाढते. रविवार पेठेतील दुकानांपासून मार्केट यार्डातील भुसार बाजारापर्यंत मिरच्या, धने, खोबरे, दगडफूल अशा याद्या घेऊन आलेली मंडळी दिसतात. या यादीत दालचिनी असतेच. पण तिची चौकशी फारशी कोणी करीत नाही. मिरची बेडगी की संकेश्वरी, तांदूळ आंबेमोहोर की इंद्रायणी, हे आपण चोखंदळपणे विचारतो. दालचिनीचे मात्र ‘पन्नास ग्रॅम द्या’ एवढ्यावर भागते. दुकानदारही समोरच्या डब्यातली जाड, तपकिरी, लाकडाच्या ढलप्यांसारखी दालचिनी तोलून पुडीत बांधून देतो.

वस्तुतः दालचिनी या एका नावाखाली जगाच्या बाजारात निदान चार वेगवेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. ही झाडे एकाच कुळातील असली, तरी त्यांच्या सालींचा गंध निराळा, गोडवा आणि तिखटपणा निराळा, शिजताना टिकण्याची शक्ती निराळी आणि रोज खाल्ल्यास शरीरावर होणारा परिणामही निराळा. आपल्याकडील बहुसंख्य मसाल्याच्या डब्यांत असते ती ‘कॅसिया’ या प्रकारातील जाड साल. ती नकली नव्हे किंवा टाकाऊही नव्हे. परंतु ती सर्व कामांना सारखीच चालते, हा समज मात्र खरा नाही. कोणत्या पदार्थाला कोणती दालचिनी, हे एकदा ध्यानात आले की पदार्थाची चव सुधारते, पैसा योग्य ठिकाणी खर्च होतो आणि ‘औषध’ म्हणून दालचिनी घेणाऱ्यांचा एक धोकाही टळतो.

नावातच घोळ

‘दालचिनी’ हा शब्द फारसीतील ‘दारचीनी’वरून आला. त्याचा अर्थ चीनचे लाकूड. म्हणजे आपल्या रोजच्या शब्दात चीनमधून येणाऱ्या सालीची आठवण आहे आणि ती साल कॅसियाची. उलट, वनस्पतिशास्त्रज्ञांनी ज्या झाडाला ‘सिनॅमोमम व्हेरम’, म्हणजे ‘खरी दालचिनी’ असे नाव दिले, ते मूळचे श्रीलंकेचे. संस्कृतात तिला ‘त्वक्’ म्हणतात. त्वक् म्हणजे साल. त्वक्, एला आणि पत्र, म्हणजेच दालचिनी, वेलची आणि तमालपत्र या तिघांना आयुर्वेदात ‘त्रिजातक’ अशी संज्ञा आहे आणि त्यात नागकेशर मिळवले की ‘चातुर्जात’ होते. आपल्या गोड्या मसाल्यातही हे चौघे एकत्र नांदतात.

नावांचा हा गोंधळ आजचा नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने तर मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांनी घरटी बांधतात आणि अरब लोक युक्तीने त्या काड्या मिळवतात, अशी कथा नोंदवून ठेवली आहे. माल नेमका कुठून येतो, हे गिऱ्हाइकाला कळू न देण्यात व्यापाऱ्यांचा फायदा होता. पुढे गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात दालचिनीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि तिच्या वेगवेगळ्या नावांचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला. श्रीलंकेच्या याच सालीसाठी पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिन्ही सत्तांनी त्या बेटावर पाळीपाळीने ताबा मिळवला. डचांनी १६५६ मध्ये पोर्तुगीजांकडून कोलंबो घेतले आणि १७९६ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले.

आपल्या देशातील अन्नविषयक नियमांनी हा भेद मान्य केलेला आहे. त्यांत ‘दालचिनी’ आणि ‘तज’ अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. दालचिनी म्हणजे श्रीलंकेच्या जातीच्या झाडाची आतली साल आणि तज म्हणजे कॅसिया. गुजरातीत ‘तज’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. मराठीत तो मागे पडला आणि दोन्ही सालींना आपण दालचिनीच म्हणू लागलो.

चार प्रमुख प्रकार

पहिला प्रकार सिलोनी दालचिनीचा. ही साल कागदासारखी पातळ, फिकट बदामी रंगाची आणि ठिसूळ असते. अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळून तिची नळी केलेली असते. तिचा गंध मंद व गोडसर असून त्यात लवंगेची आणि किंचित लिंबाच्या सालीची छटा जाणवते. जिभेवर ती झोंबत नाही. श्रीलंकेत नळीच्या जाडीवरून तिची प्रतवारी होते. सर्वांत बारीक, सुमारे सहा मिलिमीटर व्यासाच्या नळीला ‘अल्बा’ म्हणतात. ‘सिलोन सिनॅमन’ या नावाला युरोपीय संघाने २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन दिले.

दुसरा प्रकार चिनी कॅसिया. ही साल जाड, कठीण आणि गडद तांबूस-तपकिरी असते. बाहेरचा खरखरीत पापुद्रा बहुधा तसाच राहिलेला असतो. गंध एकदम अंगावर येणारा, चव तिखट-गोड आणि शेवटी थोडी तुरट. आपल्या बाजारात ढलप्यांच्या रूपात दिसते ती बहुधा हीच.

तिसरा प्रकार इंडोनेशियाचा. ‘सिनॅमोमम बर्मानी’ या झाडाची ही साल सुकताना दोन्ही बाजूंनी आत वळते. त्यामुळे तिची दुपदरी, गुळगुळीत, टणक सुरळी तयार होते. दिसायला देखणी असल्याने कॉफीच्या पेल्यात ठेवायला हीच वापरतात. अमेरिकेतील बेकरीतही प्रामुख्याने हीच असते. चव कॅसियासारखी, पण सौम्य.

चौथा प्रकार व्हिएतनामचा, ‘सायगाव दालचिनी’ म्हणून प्रसिद्ध असलेला. सुगंधी तेलाचे प्रमाण या सालीत सर्वांत जास्त असते. त्यामुळे ती इतरांच्या निम्म्याने पुरते. व्हिएतनामच्या ‘फो’ या रश्श्याच्या गंधात हिचाही वाटा असतो.

या चारही सालींना दालचिनीपण देणारे मुख्य द्रव्य एकच आहे. त्याचे नाव सिनॅमाल्डिहाइड. कॅसियाच्या तेलात जवळजवळ तेच भरलेले असते, म्हणून तिचा गंध ठसठशीत पण एकसुरी. सिलोनीमध्ये त्याच्या जोडीला लवंगेतले युजेनॉल आणि फुलांसारखा वास देणारे लिनॅलूल असते, म्हणून तिचा गंध अनेकपदरी. भेद केवळ उंची-हलकेपणाचा नसून स्वभावाचा आहे, तो असा.

कोकणची साल

‘खरी’ दालचिनी पाहायला पुणेकरांना श्रीलंकेला जाण्याची गरज नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळी-पोफळीच्या बागांमध्ये आणि घरामागच्या परसात याच जातीची झाडे आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये ‘कोकण तेज’ ही सुधारित जात प्रसारित केली. नारळाच्या दोन झाडांमधील मोकळ्या जागेत दालचिनी, जायफळ, काळी मिरी यांसारखी पिके घेण्याच्या ‘लाखी बाग’ या पद्धतीतही दालचिनीला स्थान आहे.

ही दालचिनी महाग का, हे तिच्या काढणीवरून समजते. झाड मोठे होऊ दिले जात नाही. ते जमिनीलगत छाटले की बुंध्याशी नवे धुमारे फुटतात. हे धुमारे अंगठ्याएवढे जाड आणि तपकिरी झाले की तोडतात. वरचा खरखरीत पापुद्रा खरवडून काढतात, फांदी पितळी दांड्याने घासतात, चाकूने दोन उभ्या चिरा देतात आणि आतली कोवळी साल अलगद सोडवतात. मग पातळ साली एकात एक घालून सावलीत वाळवतात. हे काम यंत्रावर नीट होत नाही. हातच सरावलेला लागतो. घाई केली तर साल फाटते, कडक उन्हात वाळवली तर वेडीवाकडी होते. कॅसियाची साल मात्र वाढलेल्या झाडाच्या खोडाची व फांद्यांची जाड साल असते आणि तिच्यावर एवढे संस्कार करावे लागत नाहीत. कुशल हातांची मजुरी आणि आयात होणाऱ्या स्वस्त तजेची स्पर्धा, यांमध्ये कोकणातला बागायतदार सापडतो. ग्राहकाने नुसती ‘दालचिनी’ मागितली, तर दुकानदार स्वस्त तीच देणार. पातळ सालीला मागणी आली तरच ती वेगळी ठेवणे त्याला परवडेल.

दुकानात ओळखावी कशी?

साधी खूण जाडीची. सिलोनी साल दोन बोटांत दाबली की चुरते. कॅसिया मोडायला खलबत्ता लागतो. नळीचे टोक पाहावे. सिलोनी नळीत सिगारसारखे अनेक पापुद्रे दाटीने भरलेले दिसतात. एकच जाड पापुद्रा दोन्हीकडून आत वळलेला असेल, तर ती इंडोनेशियाची. म्हणजे नुसती सुरळी दिसली म्हणून ती सिलोनी, असे समजू नये. या ठिकाणी अनेकांची फसगत होते. अन्नातील भेसळ घरच्या घरी ओळखण्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जी पुस्तिका काढली आहे, तिच्यातही दालचिनीची खूण दिली आहे. खऱ्या दालचिनीची साल इतकी पातळ असते की ती पेन्सिलभोवती गुंडाळता येते, तर कॅसिया जाड व अनेक थरांची असते.

शेवटची परीक्षा जिभेची. छोटा तुकडा चघळावा. आधी गोड आणि मग लवंगेसारखा वास आला तर सिलोनी. लगेच तिखट झोंबून मग तोंड चिकट व तुरट झाले तर कॅसिया. दळलेल्या पुडीत मात्र यांतली कोणतीच खूण उरत नाही. म्हणून दालचिनी शक्यतो अखंडच घ्यावी.

कोणत्या पदार्थाला कोणती?

मराठी स्वयंपाकात दालचिनी मुख्यतः तिखटा-मिठाच्या बाजूला राहिली. गोडाधोडात वेलची, जायफळ आणि केशर यांचे राज्य आहे. गोडा मसाला, कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला या सर्वांत ती असते. पण ती खोबरे, तीळ, धने, मिरची अशा दणकट सोबत्यांमध्ये. येथे सिलोनी घालणे म्हणजे ढोल-ताशांच्या पथकात सतार वाजवण्यासारखे आहे. तिचा नाजूक गंध तळताना निम्मा उडतो आणि उरलेला दगडफुलाखाली दबतो. अशा मसाल्यांना जाड कॅसियाच योग्य. अर्धा किलो धन्यांच्या गोड्या मसाल्याला ती दहा ग्रॅमच्या आसपास पुरे होते. जास्त झाल्यास आमटीला गोडसर, औषधी वास येऊ लागतो. तळण्यापूर्वी तिचे लहान तुकडे करावेत आणि मंद आचेवर, तांबूस होण्याआधीच काढावेत. करपलेली दालचिनी कडू होते आणि तो कडवटपणा संपूर्ण मसाल्यात उतरतो.

मटणाचा रस्सा, बिर्याणी, राजमा, छोले असे बराच वेळ शिजणारे पदार्थही कॅसियाचेच. अर्धा किलो मटणाला इंचभर लांबीचे दोन तुकडे पुरतात. अख्ख्या मसाल्याची फोडणी करताना तेल मध्यम तापले की प्रथम दालचिनी आणि तमालपत्र घालावे, कारण त्यांचा गंध तेलात उतरायला वेळ लागतो. लवंग, वेलची, मिरे त्यानंतर. दालचिनीचे सुगंधी तेल पाण्यापेक्षा तेला-तुपात सहज मिसळते. म्हणून उकळत्या रश्श्यात नंतर टाकलेल्या तुकड्यापेक्षा फोडणीतला तुकडा जास्त काम करतो. पदार्थ वाढण्यापूर्वी तुकडे काढून टाकावेत.

सिलोनीचे क्षेत्र वेगळे आहे. ज्या पदार्थात मसाले थोडे आणि शिजण्याचा वेळ कमी, तेथे ती खुलते. साधा पुलाव, तुपावरचा जिराभात, नारळाच्या दुधातली भाजी, पांढरा रस्सा यांत तिचा एखादा तुकडा पुरेसा होतो. दुधात तर ती फारच छान उतरते. तांदळाची खीर किंवा बासुंदी आटत आली की शेवटच्या दहा मिनिटांत दोन इंचांची नळी टाकावी आणि गॅस बंद केल्यावर काढून घ्यावी. त्या दिवशी जायफळ घालू नये. दोन्ही गंध एकमेकांना मारतात. चहातही हीच घ्यावी. चार कप चहाला इंचभर नळी आल्याबरोबर उकळली की पुरते.

फळे आणि कंद यांच्याशी तिचे विशेष जमते. रताळ्याचे गोड काप, लाल भोपळ्याचे घारगे, तुपावर परतलेली केळी यांवर चिमूटभर ताजी पूड घालून पाहावी. चार सफरचंदांच्या फोडी, दोन मोठे चमचे साखर किंवा गूळ, अर्ध्या लिंबाचा रस, अर्धी वाटी पाणी आणि दोन इंचांची सिलोनी नळी एकत्र करून झाकण ठेवून दहा-बारा मिनिटे मंद शिजवले की पोळीशी किंवा दह्याशी खाण्याजोगा मुरंब्यासारखा पदार्थ तयार होतो. मेक्सिको हा श्रीलंकेच्या दालचिनीचा मोठा गिऱ्हाईक आहे. तेथे चॉकलेटच्या गरम पेयात हीच साल घालतात. आपल्याकडे मुलांच्या कोकोत ती घालून पाहण्यास हरकत नाही.

घरी पाव किंवा सिनॅमन रोल करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दालचिनीतील द्रव्य यीस्टची वाढ रोखते. पूड पिठात मळली तर पीठ नीट फुगत नाही. ती लोणी व साखरेबरोबर सारणातच घालावी. या कामाला इंडोनेशियाची किंवा व्हिएतनामची साल चांगली, कारण भट्टीच्या आचेतही तिचा ठसका टिकतो.

पाने आणि कळ्या

दालचिनीची भावंडेही आपल्या डब्यात असतात. तमालपत्र हे त्याच कुळातील, हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्य भारतात वाढणाऱ्या झाडाचे पान. त्यावर देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. पाश्चात्त्य पाककृतींत सांगितलेले ‘बे लीफ’ हे निराळे. त्याला मधली एकच शीर असते आणि त्याचा वास निलगिरीकडे झुकतो. एकाऐवजी दुसरे वापरल्यास पदार्थाची चव बदलते. कोकणात परसातल्या दालचिनीचीच पाने भातात घालतात. त्यांना लवंगेचा वास येतो, कारण पानांत युजेनॉल भरपूर असते.

मसाल्यातील काळसर, लवंगेसारखे दिसणारे देठाचे नागकेशरही पुष्कळदा दालचिनीच्या कुळातील झाडांची कोवळी फळे असतात. आयुर्वेदातील नागकेशर मात्र नागचाफ्याच्या फुलातील केसर. वैद्यांनी सांगितलेले नागकेशर मसाल्याच्या दुकानातून आणू नये, हे त्याचे कारण.

औषध म्हणून घेताना

दालचिनी आपल्याकडे औषधी म्हणून जुनीच. घरोघरी ठाऊक असलेल्या सितोपलादी चूर्णात ती असते, पण किती? खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी केवळ एक भाग. मात्रेचा हा विवेक अलीकडे सुटत चालला आहे. मधुमेहावर उपाय म्हणून रोज सकाळी चमचाभर दालचिनी पूड कोमट पाण्यातून घेणारे कितीतरी लोक भेटतात.

या प्रथेला बळ मिळाले ते २००३ मध्ये पाकिस्तानातील साठ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाने. त्यात रोज एक ते सहा ग्रॅम दालचिनी चाळीस दिवस दिल्यावर रक्तातील साखर घटल्याचे आढळले. परंतु २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा दहा चाचण्यांचा, एकूण ५७७ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा मधुमेहावर दालचिनीची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

येथे सालीची जात महत्त्वाची ठरते. कॅसियात ‘कुमारिन’ नावाचे द्रव्य लक्षणीय प्रमाणात असते. ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास काही व्यक्तींच्या यकृताला इजा होऊ शकते. सिलोनीत त्याचा केवळ लवलेश असतो. युरोपीय अन्न सुरक्षा यंत्रणेने कुमारिनची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेच्या हिशेबानुसार साठ किलो वजनाच्या माणसाने रोज दोन ग्रॅम आणि पंधरा किलोच्या मुलाने अर्धा ग्रॅम कॅसिया पूड खाल्ली की ही मर्यादा गाठली जाते. दोन ग्रॅम म्हणजे चहाचा सपाट चमचाही पूर्ण भरत नाही. आमटी-भातातल्या दालचिनीने घाबरण्याचे कारण नाही. चार-पाच माणसांच्या पातेल्यात पडलेले दोन तुकडे, तेही वाढताना काढून टाकलेले. प्रश्न आहे तो महिनोन् महिने चमच्याने पूड घेणाऱ्यांचा. त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असे प्रयोग करू नयेत, यकृताचा विकार असेल तर मुळीच नाही. रोज दुधातून वा चहातून घ्यायचीच असेल, तर साल सिलोनी असावी आणि मात्रा चिमटीची.

साठवण आणि पूड

अखंड साल हवाबंद बरणीत, अंधाऱ्या व कोरड्या जागी वर्षभर सहज टिकते. पूड मात्र दोन-तीन महिन्यांत वास गमावते. म्हणून ती थोडी थोडी, कोरड्या भांड्यात दळावी. सिलोनी मिक्सरमध्ये लगेच बारीक होते. कॅसिया आधी कुटून घ्यावी लागते. तयार पुडीबाबत सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांत शिसे सापडले आणि त्याचा माग दालचिनीच्या पुडीपर्यंत गेला. अखंड सालीत अशी भेसळ करणे अवघड असते.

मसाल्याच्या डब्यात दोन कप्पे दालचिनीसाठी ठेवावेत, एक जाड सालीचा, दुसरा पातळ सालीचा. पहिला वर्षाच्या मसाल्याला आणि रश्श्याला, दुसरा दुधाला, फळांना आणि चहाला. पातळ साल महाग असली, तरी लागते थोडी. वर्षभरासाठी शंभर ग्रॅमही पुष्कळ झाली. पुढच्या खेपेला दुकानात ‘दालचिनी कोणती आहे, आणि कुठली?’ एवढे विचारावे. तांदूळ आणि मिरचीच्या बाबतीत हा प्रश्न आपण पूर्वीपासून विचारत आलो, म्हणून तर आंबेमोहोर आणि बेडगी आजही आपापल्या नावाने विकली जातात.